तोंडचं पाणी



मागच्या रांगांमध्ये ट्रॅकसूट घालून बसलेल्या पोरापोरींचा आजचा सराव बुडवून त्यांना इथं आणून बसवलंय, हे मला ठाऊक आहे. काहींच्या चेहऱ्यावर ते दिसतंयही. एक दिवस पळालं नाही म्हणून काही बिघडत नाही, उलट कधीकधी सुधारतं, एवढंच सांगायला मी आलोय. म्हणजे व्याख्यान तसं इथंच संपलं. पण संयोजकांनी तासभर दिलाय आणि चहाला अजून वेळ आहे, तेव्हा बोलतो.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर मला शाळेत पीटीला होते. पहाटे मैदानाच्या फाटकाशी उभे राहायचे. हातात वही नाही, घड्याळ नाही. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचे आणि एकच विचारायचे, "झोप लागली का रे?" पोरगं "हो सर" म्हणायचं. सरांचं लक्ष त्या 'हो'कडे नसायचं, ते कसं म्हटलं याकडे असायचं. मग एखाद्याला म्हणायचे, "आज तू पळू नको. शिट्टी धर." शिट्टी धरणं ही शिक्षा की बढती, हे आम्हाला शाळा संपेपर्यंत कळलं नाही. पुढं मी शरीरक्रियाशास्त्र शिकलो, खेळाडूंच्या लाळेच्या नळ्या भरण्यात उमेदीची वर्षं घातली, आणि फिरून फिरून त्याच फाटकाशी येऊन उभा राहिलो. कसा, ते सांगतो.

लाळ म्हटलं की लोक नाक मुरडतात. उष्टं, थुंकी, लाळघोटेपणा, सगळे शब्द वंगाळ. पण आपल्या भाषेला लाळेचं शास्त्र प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी कळलेलं आहे. माणूस हादरला की आपण काय म्हणतो? तोंडचं पाणी पळालं. भाषणाला उभं राहिलं की घशाला कोरड पडते. माझ्या आत्ता पडलीय, म्हणून हा तांब्या. माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, आणि ती किती सुटायची, पातळ की चिकट, हे आपण ठरवत नाही. आपल्याला न विचारता चालणाऱ्या मज्जातंतूंच्या दोन जोड्या ते ठरवतात. एक जोडी निवांतपणाची, एक धोक्याची. धोक्याची जागी झाली की पातळ पाणी आटतं.

आपल्या जुन्या न्यायव्यवस्थेत दिव्यं असायची. तापलेलं लोखंड धरायचं, पाण्यात बुडी मारायची, तशातलंच एक तंदुल दिव्य. चोरीचा संशय असलेल्याला तांदूळ चघळायला द्यायचे आणि मग थुंकायला लावायचे. ज्याचे तांदूळ कोरडे ते कोरडेच बाहेर पडले तो चोर, असा लोकांतला ठोकताळा. आता मला सांगा, तोंड कुणाचं कोरडं पडतं? चोराचं पडतं, कबूल. पण चोरी न केलेल्या, पाटलासमोर भेदरून उभ्या असलेल्या गरीब गड्याचं पडत नाही? लाळ खोटं बोलत नाही. ती एवढंच सांगते की हा माणूस ताणाखाली आहे. कशामुळे, ते सांगत नाही. ते तांदळाचं ताट धरून बसलेला ठरवतो. हे ताट तेवढं लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आधी ताणाविषयी. ताण म्हणजे वाईटच, असं आपण धरून चालतो. तालमीतला पैलवान तसं धरत नाही. शेकड्यांनी जोर-बैठका मारल्यावर अंग मोडून येतं, आणि ते मोडलंच पाहिजे, नाहीतर मेहनत कसली? मेहनतीत अंग मोडतं, खुराकात आणि झोपेत ते पुन्हा बांधलं जातं, आधीपेक्षा थोडं जास्त. सगळं प्रशिक्षणशास्त्र या एका वाक्यात बसतं. फक्त मोडणं आणि बांधणं यांचा हिशेब जुळला पाहिजे. १९३६ साली हान्स सेल्ये नावाच्या संशोधकानं उंदरांवरचे प्रयोग छापले. कुणाला थंडीत ठेवलं, कुणाला जखम केली, कुणाला दमेस्तोवर पळवलं, आणि कारणं वेगळी असूनही शरीराची आतली धावपळ एकच निघाली. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे: शरीर दोन वह्या ठेवत नाही. मैदानावरचा ताण एका वहीत आणि घरचा दुसऱ्या वहीत, असं नसतं. बापाचं ऊसबिल थकलंय, बारावीची परीक्षा आहे, बहिणीचं लग्न मोडलंय, आणि वर सकाळी दहा फेऱ्या. सगळी बेरीज एकाच पानावर होते.

विश्रांतीचं म्हणाल तर आपल्याच मातीतला दाखला आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक, ५७ किलो वजनगट. ते कसे गेले हे तुम्हाला पाठ आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परतल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, तेही पाठ. पण मधली एक गोष्ट आपण भरभर सांगून पुढं जातो. जपानच्या शोहाची इशीबरोबर त्यांची लांबलचक, दमछाक करणारी कुस्ती झाली. खाशाबा हरले. आणि लगेच पुकारा झाला, पुढची कुस्ती सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोवशी. दोन कुस्त्यांच्या मधे अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो नियम बोलून दाखवायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा मॅटवर गेले. इशीला सुवर्ण, मामादबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि ते मोठंच आहे. मला फक्त तो अर्धा तास छळतो. त्या अर्ध्या तासाला कुठली नळी लागत नव्हती, कुठला शोधनिबंध लागत नव्हता. "माझा गडी दमलाय" असं म्हणणारं एक माणूस लागत होतं.

आता दमणं मोजायचं कसं? सगळ्यात स्वस्त हिशेब अमेरिकेच्या कार्ल फॉस्टरचा. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं खेळाडूला विचारायचं, शून्य ते दहामध्ये आजचं काम किती जड गेलं? तो सात म्हणाला आणि सराव साठ मिनिटांचा असला, तर सात गुणिले साठ, ४२०. झाला त्या दिवसाचा भार. किराणा दुकानातला पोरगाही करील. पण फॉस्टरनं पुढं एक गंमत केली. आठवड्याच्या रोजच्या भारांची सरासरी काढली आणि तिला त्या आकड्यांच्या चढउताराने भागलं. रोज ४००, ४००, ४०० असेल तर चढउतार जवळजवळ शून्य, म्हणजे भागाकार आभाळाला. याला त्यानं एकसुरीपणा म्हटलं. त्याचं म्हणणं असं, की भार जड असला आणि वर एकसुरी असला की खेळाडू आजारी पडायचं प्रमाण वाढतं. एक दिवस सातशे, दुसऱ्या दिवशी शंभर, हे रोजच्या चारशेपेक्षा अंगाला सोसतं. जुन्या तालमीतून आठवड्याचा एक दिवस माती बंद असायची, ती काही वस्ताद आळशी होते म्हणून नव्हे. आणि आज सांगली-सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गल्लोगल्ली निघालेल्या भरती अकॅडम्या बघा. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. म्हणून रोज सकाळी सोळाशे, रोज संध्याकाळी सोळाशे, रोज घड्याळ लावून, रोज जीव खाऊन. सोमवार आणि गुरुवार यांत फरकच नाही. ही पोरं काही अव्वल खेळाडू नव्हेत, मान्य, पण नडग्यांची त्यांनाही एकच जोडी मिळालेली असते.

बरं, आता नळीकडे.

सकाळचे सहा. मैदानाच्या कडेला सतरंजी, बर्फाची पेटी, नावं चिकटवलेल्या नळ्या. मुली मांडी घालून ओळीनं बसलेल्या. मान खाली घालायची, ओठ नळीच्या तोंडाशी न्यायचे आणि जिभेखाली साचणारी लाळ आपसूक ओघळू द्यायची. थुंकायचं नाही, कारण थुंकलं की फेस येतो. पहिली दोन मिनिटं काहीच येत नाही. मग एक हसते, तिच्याबरोबर दहा जणी हसतात, पुन्हा पहिल्यापासून. रात्रभर तोंड बंद, वर खाल्लेलं-प्यालेलं काही नाही, दातही घासलेले नाहीत, कारण हिरडीतून जरासं रक्त आलं तरी नमुना बाद. आणि एक सक्त नियम: चिंचेचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की कुणाच्या तरी तोंडाला पाणी सुटतं, नळी एका मिनिटात भरते आणि आतली सगळी प्रमाणं बदलतात. म्हणून घड्याळ लावून बसायचं, किती मिनिटांत किती लाळ आली ते वजनावरून काढायचं, आणि मगच आतल्या द्रव्यांचा हिशेब. मुली या नियमाचा फायदा घ्यायच्याच. मी पाठ वळवली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "चिंच."

या दोन मिलिलिटर पाण्यात काय असतं? मुख्य तीन गोष्टी. पहिलं कॉर्टिसॉल, ताणाचं संप्रेरक. रक्तातलं बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेलं असतं, मोकळा भाग तेवढा काम करतो, आणि तो मोकळा भागच लाळेत उतरतो. सुई न टोचता तो हाती लागतो, हे लाळेचं खरं मोल. पण कॉर्टिसॉलला घड्याळ आहे. माणूस उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते शिगेला पोचतं, मग दिवसभर उतरत जातं. आता वसतिगृहातली मुलगी साडेपाचला उठलीय आणि गावाहून येणारी चारला, कारण तिला आधी पाणी भरायचंय. दोघींची नळी सहा वाजता भरली. तुलना कशाची करणार? कागदावर वेळ एकच, शरीरात दोन वेगळ्या वेळा. मी पहिलं वर्षभर हे ध्यानात न घेता आकडे जमवत होतो. शिवाय एका ठिकाणी विजेच्या घोळात सहा आठवड्यांचे नमुने फ्रीजमध्येच वितळले. ते दुःख मी इथं उगाळत नाही.

दुसरं टेस्टोस्टेरॉन. कॉर्टिसॉल मोडण्याच्या बाजूचं, टेस्टोस्टेरॉन बांधण्याच्या बाजूचं, म्हणून दोघांचं गुणोत्तर काढायची कल्पना फिनलंडच्या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडली. गुणोत्तर तीस टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त घसरलं की सावध व्हा, असा तो नियम. ऐकायला किती सुबक! प्रत्यक्षात काय निघालं? की ते गुणोत्तर सरावाचा भार दाखवतं, पण खेळाडू बिघडलाय की नाही हे खात्रीनं दाखवत नाही. पार खचलेल्या खेळाडूंत कॉर्टिसॉल कधी चढलेलं सापडतं, कधी उलट बसलेलं. मुलींच्या लाळेत टेस्टोस्टेरॉन मुळात इतकं थोडं की मोजणंच जिकिरीचं. सुबक नियमांचं असंच होतं.

तिसरं, माझ्या मते सगळ्यात कामाचं: इम्युनोग्लोब्युलिन ए. नाक, तोंड, घसा या वाटांवर उभा असलेला पहारेकरी म्हणा. जड सरावाच्या हंगामात हा पहारा ढिला पडतो, आणि सर्दी-खोकला नेमका स्पर्धेच्या तोंडावर येतो. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात पळालेल्यांपैकी १२.९ टक्के लोक आजारी पडले. तयारी करूनही न पळालेल्यांत हेच प्रमाण २.२ टक्के होतं. दोष सगळा पळण्याचा नसेलही. त्यात गर्दी, प्रवास, अपुरी झोप हेही आलं, आणि यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मला स्वतःला जास्त पटलेला अभ्यास २००८ चा, अमेरिकाज कप नावाच्या शिडाच्या नौकांच्या शर्यतीतल्या ३८ खलाशांचा. पन्नास आठवडे त्यांची लाळ तपासली. निष्कर्ष असा, की ज्याचं इम्युनोग्लोब्युलिन त्याच्या स्वतःच्या निरोगी सरासरीच्या चाळीस टक्क्यांखाली गेलं, तो पुढच्या तीन आठवड्यांत सर्दीपडशानं आजारी पडण्याची शक्यता दोनात एक.

त्याच्या स्वतःच्या सरासरीच्या. हे शब्द मी मुद्दाम दोनदा म्हणतो. त्याच्या स्वतःच्या. शेजारच्याच्या नव्हे, संघाच्या सरासरीच्या नव्हे, पुस्तकातल्या तक्त्याच्या नव्हे. माणसामाणसांत ही पातळी इतकी वेगळी असते की एकाचा नीचांक हा दुसऱ्याचा रोजचा आकडा. म्हणजे एकदाच नळी भरून काही कळत नाही. वर्षभर भरावी लागते. फाटकाशी उभ्या राहणाऱ्या सरांकडे हेच होतं. प्रत्येक पोराचं रोजचं तोंड त्यांना पाठ होतं, म्हणून उतरलेलं तोंड ओळखू यायचं.

मोजण्याचा फार गर्वही नको. सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर आठवा. २०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गट. स्नॅचमध्ये ११३ किलो, क्लीन अँड जर्कमध्ये पहिल्याच प्रयत्नात १३५, एकूण २४८. पुढच्या वजनाला कोपर दुखावलं, आणि मलेशियाचा गडी २४९ नं जिंकला. एक किलो. तिथं आदल्या दिवशीच्या कुठल्याही नळीनं काही सांगितलं नसतं. जे नळीत दिसत नाही ते नसतंच, असं म्हणणाऱ्याला मी संकेतचं नाव सांगतो.

आता मन. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

१९७१ साली अमेरिकेत मनःस्थिती मोजायची ६५ शब्दांची एक प्रश्नावली निघाली. सहा गोष्टी तपासायच्या: तणाव, खिन्नता, राग, थकवा, गोंधळ, आणि सहावा हुरूप. विल्यम मॉर्गन या मानसशास्त्रज्ञानं ती खेळाडूंना लावली. त्याला दिसलं, की चांगल्या खेळाडूचा आलेख काढला तर पाच वाईट गोष्टी सर्वसाधारण रेषेच्या खाली आणि हुरूप तेवढा उंच वर. त्यानं या आकाराला हिमनग म्हटलं. आपण कुठं हिमनग बघायला गेलोय? सांगलीकरांनी दंडोबाचा डोंगर डोळ्यापुढं आणावा, सपाट रानात मधेच उठलेला. मॉर्गननं जलतरणपटूंना दहा वर्षं तपासलं. पोहण्याचं अंतर वाढत गेलं तशी मनःस्थिती उतरत गेली, अंतर कमी केलं तशी ती सुधारली. आणि जे पार बिघडले त्यांचा डोंगर उलटा झालेला: हुरूप खड्ड्यात, बाकी सगळं वर.

मी ही प्रश्नावली मराठीत आणायला बसलो आणि पहिल्याच आठवड्यात माझी जिरली. पुस्तकी 'चैतन्य' लिहिलं; पोरं म्हणाली, सर, हे काय असतं? 'हुरूप' काहींना कळलं, 'उमेद' जास्त जणांना. पण खरी अडचण थकव्याची. मी 'थकवा' विचारत होतो, पोरं 'नाही' म्हणत होती, आणि दिसत होती दमलेली. मग एक माणदेशी पोरगा म्हणाला, "थकवा न्हाय सर, कटाळा आलाय." आपण कंटाळा म्हणजे करमत नाही, असं समजतो. त्याच्या बोलीत तो अंगात शिरलेला होता. अंग जड, पाय उचलत नाही, माती बघितली की नको वाटतं, जेवण गोड लागत नाही, हे सगळं त्या एका शब्दात. म्हणून मी ६५ शब्द बाजूला ठेवले आणि चार प्रश्न धरले: झोप कशी लागली? अंग दुखतंय का? कटाळा आलाय का? आज यावंसं वाटलं का? प्रत्येकाला एक ते सात, एक म्हणजे सगळ्यात चांगलं. दोन मिनिटांचं काम.

आणि आता जे सांगतो ते ऐकून मला माझ्या बर्फाच्या पेटीची थोडी लाज वाटली होती. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तिघा संशोधकांनी असे ५६ अभ्यास एकत्र करून ताडून पाहिले. सरावाचा भार वाढला-घटला की सगळ्यात आधी आणि सगळ्यात नेमकं काय हलतं? रक्त, लाळ, नाडी यांची मोजमापं की खेळाडूचं स्वतःचं सांगणं? उत्तर आलं, खेळाडूचं सांगणं. "कसं वाटतंय?" या फुकटच्या प्रश्नानं महागड्या यंत्रांना मागं टाकलं.

मग नळ्या फेकून देऊ या का? नाही. कारण त्या प्रश्नाला एक अट आहे. उत्तर खरं आलं पाहिजे. आणि आपल्याकडं "कसं वाटतंय?" या प्रश्नाचं उत्तर काय असतं? "बरं हाय." ताप असला तरी बरं हाय. पाय सुजला तरी बरं हाय. ही नुसती लाजाळू पोरं नव्हेत. माण, आटपाडी, जत इथून आलेल्या पोरीला पक्कं माहीत असतं, की आपल्या जागेसाठी बाहेर वीस जणी उभ्या आहेत. याच माणमधल्या मोही गावची ललिता बाबर. आधी मॅरेथॉन पळणारी, मग तीन हजार मीटर स्टीपलचेसला आली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, दोनच दिवसांनी अंतिम फेरीत ९ मिनिटं २२.७४ सेकंद, जगात दहावी. आटपाडीच्या करगणीचा सचिन खिलारी, २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटर आणि रौप्य. साताऱ्याची आदिती स्वामी, २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीची जगज्जेती. तिथं पाय दमत नाहीत, पण शेवटच्या बाणाला तोंडचं पाणी कुणाचं पळत नाही? ही नावं भिंतीवर लावून आपण पोरांना सांगतो, बघा, यांनी रडगाणं गायलं नाही. मग पोरं गात नाहीत. "बरं हाय" लिहितात.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो. जागा सांगणार नाही, माणसंही नाही. मुलगी दुष्काळी पट्ट्यातली, मध्यम पल्ल्याची धावपटू, वय सतरा. तिची चार प्रश्नांची वही मी रोज बघायचो. झोप दोन, अंग दोन, कटाळा दोन, येणं दोन. सगळीकडं दोन म्हणजे सगळं उत्तम. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून तर तिनं आकडे लिहायचंही सोडलं, नुसतं 'वरीलप्रमाणे'. महिनाभर वरीलप्रमाणे. आणि इकडं तिच्या लाळेतला पहारेकरी आठवड्यामागून आठवडे खाली चाललेला, तिच्या स्वतःच्या सरासरीच्या निम्म्यावर. मला कोण आनंद! मुलगी सांगत नाही ते माझी नळी सांगतेय. मी आलेख काढला, रंगीत छापला आणि तिच्या प्रशिक्षकाच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या आठवड्यात संघाची यादी लागली. तिचं नाव नव्हतं. कुणी तिला काही विचारलं नाही. मीही नाही. महिन्याभरात ती गावी निघून गेली.

सहासात वर्षांनी ती मला दहिवडीच्या एसटी स्टँडवर भेटली. कडेवर पोर, हातात पिशवी. तिनंच ओळखलं, पाया पडायला वाकली. मी विचारलं, तेव्हा वहीत खरं का लिहिलं नाहीस? ती म्हणाली, "सर, ती वही कुणाच्या टेबलावर असायची?" मी गप्प. मग तिनं शांतपणे सांगितलं. पाळी पाच महिने आली नव्हती. वजन वाढेल म्हणून रात्रीची भाकरी ती सोडायची. पहाटे तीनला जाग यायची. "मैत्रिणीला सांगितलं हुतं. वहीला कसं सांगू?"

हे जे तिला झालं होतं ते आज शास्त्राला ठाऊक आहे. खर्च होणाऱ्या शक्तीइतकं अन्न पोटात न गेल्यानं हाडं, पाळी, प्रतिकारशक्ती, मन सगळं ढासळतं, असं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये सविस्तर मांडलं. उपायही तसा साधा होता: जेवण वाढवायचं, काही आठवडे पळणं उतरवायचं. तिला संघाबाहेर काढायची नव्हे, तिच्याशेजारी बसायची गरज होती. माझी नळी खोटं बोलली नव्हती. मी तांदळाचं ताट धरून बसलो होतो, एवढंच.

त्यानंतर मी काम करायची रीत बदलली. चार प्रश्नांची चिठ्ठी मुलं डब्यात टाकतात. ती उघडते एक वयानं मोठी बाई, पूर्वी स्वतः कबड्डी खेळलेली, जिच्या हातात कुणाची निवड नाही. आकडे प्रशिक्षकाला मिळत नाहीत. त्याला मिळतो एवढाच निरोप: आज अमकीला हलकं ठेवा. का, ते विचारायचं नाही. प्रशिक्षकांना हे रुचायला वेळ लागला, काहींना अजून रुचलेलं नाही, आणि त्यांचंही सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. पदक आलं नाही की जाब त्यांनाच विचारला जातो. पाळीची तारीख मुली त्या बाईंनाच सांगतात. लाळ आता सगळ्यांची घेत नाही. तो खर्च आपल्याला झेपणारा नाही, आणि गरजही नाही. ज्यांची पुढं मोठी स्पर्धा आहे अशा मोजक्यांची, महिन्यातून दोनदा, उठल्यापासून किती मिनिटांनी ते लिहून. चिठ्ठी आणि नळी यांचं जमलं नाही, चिठ्ठी म्हणते बरं हाय आणि नळी म्हणते नाही, की समजायचं, इथं कुणीतरी घाबरलंय. मग बाई त्या पोरीला चहाला घेऊन जातात.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगून थांबतो, चहाची वेळ झालीच आहे. एका अकॅडमीत गेलो होतो. डब्यात एका पोराची चिठ्ठी निघाली. आकडे नव्हतेच. त्यानं चारही रकान्यांवर आडवं लिहिलं होतं, "आज पळू वाटत न्हाय." एवढंच, खाली सही. बाईंनी चिठ्ठी माझ्याकडं सरकवली. मी मैदानावर जाऊन त्याला हाक मारली आणि खिशातली शिट्टी त्याच्या हातात दिली. तो बिचकला. शिट्टीकडं बघत म्हणाला, "सर, ही शिक्षा हाय का?"

मी म्हटलं, ते मलाही अजून नीटसं कळलेलं नाही. पण वाजव, तिकडं पोरं थांबलीत.